मागचा बार कडकच ठेव

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतोस, म्हणून हा कागद. स्प्रिंगच्या कारखान्यात एवढी वर्षं घणाशेजारी काढल्यावर कानांनी राजीनामा दिला यात नवल नाही. डोळे शाबूत आहेत असं गृहीत धरून लिहितेय.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची गाडी शेडमध्ये तशीच उभी आहे. आई म्हणते, विकून टाक. म्हणजे तोंडानं एवढंच म्हणते, पण शेडच्या दिशेला पाठ करून म्हणते. तुला तर माहीतच आहे, ती त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांचा रविवार ही गाडी खाते म्हणून आईचा तिच्यावर राग आहे. मोठी झाल्यावरही तसंच वाटतं. एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. मी आईच्या हातापाया पडून हा एक मोसम मागून घेतलाय. बाबांच्या मोटार-शर्यतीच्या क्लबचे लोक अजून त्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर जमतात. तिथं मी गाडी नीट चालवून दाखवेन, आईला एकदा तरी तिथं घेऊन जाईन, आणि मग ती म्हणाली विक, तर विकेन. तिनं बघितल्याशिवाय विकायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कामाचं. काल गाडी खालून बघितली. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळताहेत. रबराचे बुश वाळलेल्या मनुक्यांसारखे झालेत. ते सगळं बदलणार आहे. अडलंय ते अँटी-रोल बारवर. पुढचा बार अगदीच काडीसारखा आहे आणि तोही सगळ्यात मऊ भोकात लावलेला. मागचा माझ्या अंगठ्याएवढा जाड आणि सगळ्यात कडक भोकात. हे काय त्रांगडं आहे? दुकानात पुढे लावायचा एक जाड बार मिळतोय, तीन भोकांचा, कमीजास्त करता येणारा. तो घेऊ का? आणि मागचा सैल करू का? मी जिथं काम करते तिथं चष्म्याची भिंगं घासताना मला मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो, पण या सळयांपुढे मी अडाणी आहे.

अजून एक. ड्रायव्हरची सीट इतकी पुढे आहे की मी आत बसले की गुडघे स्टिअरिंगला लागतात. बाबाही असेच बसायचे, आठवतं? त्यांचं ते पोट, ते दुमडलेले गुडघे, आणि वळणावर गाडीची शेपूट सटकली की "अरे अरे अरे" असं गाडीलाच समजावणं. मला वाटायचं, शर्यतीच्या गाडीत सगळे असेच बसतात. मी मात्र बाबांवरच गेलेय, उंचीनं आणि रुंदीनंही, त्यामुळे सीट मागे घेणार आहे.

लवकर लिही.

तुझी,
ठमी


१४ फेब्रुवारी

चि. ठमाबाई,

पुष्कळ आशीर्वाद. डोळे शाबूत आहेत. तुझं अक्षर मात्र बापासारखंच, औषधाच्या चिठ्ठीवर शोभेल असं. तो औषधाच्या दुकानात होता म्हणून त्याला माफ होतं, तू चष्म्याच्या धंद्यात राहून लोकांचे डोळे का बिघडवतेस?

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामाला हात लावला नाही. म्हणजे मला काही काम नसतंच, पण जे नसतं त्यालाही लावला नाही. आम्ही तिघं पहाटे निघायचो. तुझे बाबा, तुझी आई आणि मी मागे, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन. धावपट्टीच्या कडेला गवत इतकं ओलं असायचं की माझे मोजे दुपारपर्यंत वाळत नसत. थर्मासमधला चहा, पेट्रोलचा वास, आणि इंजिनाचा तो पहिला आवाज. एवढं सुख मला नंतर कुठल्याच गोष्टीत मिळालं नाही, लग्नातसुद्धा. हे तुझ्या मामीला सांगू नकोस. तुझी आई कडेला उभी राहून घड्याळ धरायची.

आता बारचं. नीट समजून घे. गाडी वळली की बाहेरच्या बाजूला कलते, ते कलणं ही सळई अडवते. ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाची पकड वळणावर आधी सुटते. पुढचा कडक केलास तर नाक वळायला कुरकुर करतं, गाडी सरळच जाऊ म्हणते. मागचा कडक असला तर शेपूट हलकी होते आणि नाक चटकन आत वळतं. पण शेपूट सांभाळायला हात आणि पाय दोन्ही शहाणे लागतात.

माझं ऐकशील तर आधी शॉकअप आणि बुश बदल. मग चालव. मग जे खुपतं तेवढंच बदल, आणि एका वेळी एकच गोष्ट. आम्ही नेहमी तसंच केलं. तुम्ही चष्मेवाले नाही का, एक भिंग लावून विचारता, आता बरं की मघाशी बरं होतं? अगदी तसं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं, काही कळत नाही.

मागच्या बारला मात्र हात लावू नकोस. त्या भोकातून काढू नकोस. आणि जमलं तर सीटही राहू दे. तुझ्या बाबांना सवय होती तशी, दुसरं काही नाही.

तुझा मामा


२० मार्च

प्रिय मामा,

तू सांगितलेलं निम्मं ऐकलं. निम्मं मनानं भरलं, आपल्या घराण्याच्या रीतीनं.

शॉकअप बदलले, बुश बदलले. पहिल्या रविवारी धावपट्टीवर गेले. तिसऱ्या वळणावर मागची बाजू अशी सटकली की मी गवतात, तोंड आलेल्या दिशेला. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही, फक्त माझी घमेंड तिथंच गवतात राहिली. मी परत आले आणि ठरवलं, बाबांचं बाबांपाशी. मागचा बार दोन भोकं सैल केला, पुढे नवा जाड बार बसवला आणि तोही मधल्या भोकात. हो, दोन गोष्टी एकदम. ओरड.

सीट मागे घेतली. बोल्ट इतके गंजले होते की एकाचं डोकं तुटलं. मामा, ते बोल्ट कधीच उघडलेले नव्हते. बाबा हातानं सगळं करायचे, मग त्यांना सीट चार बोटं मागे घेता येऊ नये?

आणि कोपऱ्यात ती वाळूची पिशवी सापडली. निळ्या जाड कापडाची, दुहेरी शिवणीची. चारही चाकांवर भार नीट वाटण्यासाठी तुम्ही ड्रायव्हरच्या वजनाची पिशवी सीटवर ठेवून मापं घ्यायचात, हे बाबांनी सांगितलं होतं. पण पिशवी निम्मीच भरलेली. मला वाटलं, इतक्या वर्षांत वाळू गळाली असणार. मी गेटाजवळच्या बांधकामावरून दोन बादल्या मागून आणल्या आणि माझ्या वजनाएवढी भरली. चांगली टम्म झाली. सीटवर बसवली तर साक्षात बाबा बसल्यासारखं वाटलं. मला जरा रडूच आलं.

त्याच संध्याकाळी एक नवल घडलं. आई शेडमध्ये आली. आयुष्यात पहिल्यांदा. गिऱ्हाइकाचा फोन आलाय, एवढंच सांगायला आली होती. दारातच तिला ती पिशवी दिसली. ती म्हणाली, "ही इथे अजून आहे?" मग जवळ आली, हात लावला आणि म्हणाली, "यात वाळू कुणी भरली?" मी म्हटलं, मी. तिनं शिवणीवरून एकदा बोट फिरवलं आणि गेली. जेवायला बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. बाबांच्या वस्तूला मी न विचारता हात लावला, ते तिला लागलं असेल का? मी माफी मागितली तर म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही." आई असं म्हणते तेव्हा हमखास काहीतरी चुकलेलं असतं. एवढी वर्षं भूमिती शिकवून तिला सगळं सिद्ध करायची सवय आहे, आणि हे मात्र सिद्ध करायला तयार नाही.

काय करू?

ठमी


२७ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

पिशवीतली तू घातलेली वाळू काढ. सगळी. होती तेवढीच ठेव. ती गळलेली नव्हती.

मागचा बार होता त्या भोकात लाव. सीट पुन्हा पुढे घे. बोल्ट तुटला असेल तर नवा घाल.

कारण विचारू नकोस. मी दिलेल्या शब्दात अडकलोय. आईला जप.

मामा


१८ एप्रिल

मामा,

तुझं ते तारेसारखं पत्र आलं आणि माझं डोकं फिरलं. "कारण विचारू नकोस" म्हणे! मी एकतीस वर्षांची आहे, चार नाही. वाळू काढली नाही, बार बदलला नाही, सीट पुढे घेतली नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे.

गाडी आता आज्ञाधारक झालीय. शेपूट सटकत नाही. पण वळतही नाही. स्टिअरिंग फिरवावं आणि तिनं विचार करून सांगावं, बघू, असं. कालही धावपट्टीवरून चिडूनच आले. जेवताना आईला सांगत होते, म्हणजे सांगत नव्हते, ताटाशीच बडबडत होते. "नाक आत जात नाही, पुढची चाकं नुसती बोंबलतात."

आई ताटातून मान वर न काढता म्हणाली, "पुढचा बार काढ. जुना बारीक घाल. मागचा शेवटच्या भोकात. आणि वळणात शिरताना तू ब्रेक एकदम सोडत असशील. हळू सोड, पाय उचलल्यासारखा नाही, विसरल्यासारखा."

माझा घास तसाच राहिला. मी म्हटलं, "तुला कसं माहीत?" ती म्हणाली, "तुझे बाबा बोलायचे." आणि उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मामा, बाबा असं कधीच बोलले नाहीत. बाबा वळणात ब्रेक कसा सोडावा हे सांगणं शक्यच नाही, कारण ते सोडतच नसत. मी लहानपणी कुंपणावर बसून बघितलंय, ते प्रत्येक वळण दाराला कुलूप लावल्यासारखं हळूहळू, खात्री करून घेत. मग इतका कडक मागचा बार त्यांना कशाला हवा होता? निम्मी पिशवी. माझ्या गुडघ्यांना टोचणारी सीट. आई माझ्या खांद्याला लागते. तिचं वजन त्या पिशवीएवढंच असेल, नाही का?

सरळ विचारते, सरळ सांग. ती गाडी कोण चालवायचं?

ठमी


२२ एप्रिल

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. आपण एकमेकांना फोनवर "बरं आहे ना" एवढंच म्हणतो, मला ऐकू येत नाही हे एक निमित्त झालं. आज लिहितोय.

तुझ्या लेकीनं मला कोंडीत पकडलंय. गाडीनंच तिला सगळं सांगितलं गं, मी तोंड उघडलं नाही. मी तर तिला लिहिलं की तू कडेला घड्याळ धरायचीस. घड्याळ भावोजी धरायचे, आणि आनंदाच्या भरात बटण दाबायलाच विसरायचे. हे लिहिताना मला हसू येतंय आणि रडूही. मला त्या शब्दातून सोडव. तिला खोटं लिहिणं आता माझ्याच्यानं होत नाही.

आणि एक गोष्ट तुलाही माहीत नाही. ती मी तुझ्यापासून लपवली नाही, तू कधी विचारलीच नाहीस.

तू चालवणं सोडलंस त्याच महिन्यात मी भावोजींना म्हटलं, चला, गाडी आता तुमच्या मापाची करू. सीट मागे घेऊ, मागचा बार सैल करू, पुढे जाड घालू. तुमचं वजन तिच्या दुप्पट, ही गाडी तुम्हाला एखाद दिवशी गवतात नेऊन टाकेल. माझ्या हातात पानासुद्धा होता. ते म्हणाले, "राहू दे. तिची आहे. ती येईल परत. तोवर मी नुसती चालू ठेवतो." मी म्हटलं, आणि नाही आली तर? ते म्हणाले, "मग मी हळू चालवीन."

दर महिन्याला एक रविवार, ताई. गुडघे दुमडून. दरवेळी शेपूट सटकायची, दरवेळी घाबरायचे, पण गाडीतला एक नट त्यांनी हलवू दिला नाही. मला वाटायचं, पुढेमागे तुला स्वतःच सांगतील. ते गेले आणि माझ्या तोंडाला कुलूपच लागलं.

तू शेडमध्ये कधी गेली नाहीस. गेली असतीस तर दारातूनच तुला कळलं असतं.

तुझा भाऊ


२ मे

चि. भाऊस,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं.

मला माहीत नव्हतं. मी सोडल्यावर दोन दिवसांत त्यांनी गाडी आपल्या मापाची करून घेतली असेल, असंच मी धरून चालले होते. मी सोडली आणि त्यांची झाली, हे मनात इतकं पक्कं बसलं होतं की मी कधी जाऊन बघितलं नाही. रविवारी ते शेडकडे निघाले की मी वह्या तपासायला घ्यायची. मला राग होता, भाऊ. कशाचा ते मला सांगता आलं नसतं, कारण मी स्वतःच सोडलं होतं. पण होता. ते खुशाल गेले असं मला वाटायचं. एकदाही म्हणाले नाहीत, चल. आता कळतं की त्यांना वाटलं असणार, म्हटलं तर तिच्यावर ओझं होईल. आणि मी समजले, त्यांना आता माझी गरज नाही. एका घरात दोन शहाणी माणसं इतकी वर्षं अशी राहू शकतात.

पोरीला मीच सांगितलं. तू सुटलास.

तिला सांगणं सोपं नव्हतं. ती चार वर्षांची असताना मी हेल्मेट घातलं की किंचाळायची. तुला आठवत असेल. तिला गाडीची भीती नव्हती, वेगाची नव्हती. माझा चेहरा नाहीसा व्हायचा आणि तिथं एक काळी काच यायची, याची होती. तिच्यासमोर घालून काढून दाखवलं, तिच्या बाहुलीला कागदाचं हेल्मेट करून दिलं, सगळे उपाय केले. कुंपणापलीकडे ती इतकी रडायची की शेवटी उलटी व्हायची. मी म्हटलं, एक मोसम थांबू. मोठी होईल. मग शाळेत बढती झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग मलाच सवय लागली थांबायची. आणि तिला यातलं काही सांगायचं नाही असा तुम्हा दोघांकडून शब्द घेतला, कारण पोरीला पुढे कधी असं वाटू नये की आपण आईचं काही हिरावून घेतलं.

हे सगळं ऐकून ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "आई, मी चार वर्षांची होते. माझं ऐकलंस कशाला?"

वर्गात असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

मग ती माझ्या गळ्यात पडून खूप रडली आणि मीही. या घरात दीड वर्षात आम्ही दोघी एका वेळी रडलो नव्हतो, एक रडली की दुसरी कणखर व्हायची.

गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं असेल, पण त्याला दुसरी गाडी मिळेल.

पुढचं मला माहीत नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे. डावा खांदा दुखतो. शेडमध्ये रोज जाऊन बसते, पण आत बसायचा धीर होत नाही. भीती वळणांची नाही वाटत. त्यांनी इतकी वर्षं जिच्यासाठी ही गाडी तशीच ठेवली, ती बाई आता माझ्यात उरली नसली तर?

तुझी ताई


२० मे

प्रिय मामा,

तू आईला काय लिहिलंस ते तिनं मला वाचायला दिलं. तुझ्यावरचा राग गेला. घड्याळाच्या थापेबद्दल थोडा शिल्लक आहे, तो भेटीत वसूल करीन.

आधी गाडीचं सांगते, कारण आईनं बजावलंय की मामाला आधी गाडीचं सांग. पुढचा जाड बार काढला, जुना बारीक घातला, सगळ्यात मऊ भोकात. मागचा शेवटच्या भोकात. नवे शॉकअप आईला पसंत पडले, पण ते तिनं वरची कळ दोन खटके फिरवून मऊ करून घेतले. सीट पुढे आली. वाळू मी बादलीनं उपसून काढली. मग आई वजनकाट्यावर उभी राहिली आणि चार किलो परत घालावी लागली. हे मामाला लिहू नकोस, असं ती म्हणाली. लिहिलं.

ती हुकूम सोडत होती आणि मी खाली झोपून पाना फिरवत होते. आई मला कधी अशी दिसली नव्हती. बाही वर केलेली, गालाला ग्रीस, आणि "अर्धा फेरा. मी अर्धा म्हटलं, पाऊण नाही." तिच्या विद्यार्थ्यांची मला पहिल्यांदा दया आली. पण तीन आठवडे हे सगळं चाललं आणि ती स्वतः काही सीटवर बसेना. कंबर धरलीय, खांदा दुखतोय, ढग आलेत, टायर जुने आहेत. इतकी वर्षं कुणीतरी न बोलता वाट बघितली होती, मला तीन आठवडे जड नव्हते.

मागच्या रविवारी ती आपण होऊन म्हणाली, "चल."

धावपट्टीवर फारसं कोणी नव्हतं. मी शेजारच्या सीटवर बसले. तिनं क्लबमधून घेतलेलं हेल्मेट घातलं आणि माझ्याकडे वळून बघितलं, काच वर ठेवूनच. मी म्हटलं, "कर बंद, मी मोठी झालेय." ती हसली. मग काच खाली केली.

पहिला फेरा इतका हळू घेतला की मला वाटलं, बस, हिला एवढंच हवं होतं, आता घरी जाऊ. दुसरा जरा बरा. तिसऱ्यात त्या माझ्याच वळणावर, जिथं मी गवतात गेले होते, तिनं ब्रेक सोडला. कसा सोडला ते मला कळलंच नाही, खरंच विसरल्यासारखा. गाडीचं नाक आत गेलं, शेपूट सुटली, माझ्या तोंडून "अरे अरे अरे" निघालं, आणि आईनं स्टिअरिंग एवढंसं, दोन बोटं, उलटं दिलं. बस. शेपूट जिथल्या तिथं आली. मामा, मी त्या गाडीत महिनोन् महिने घालवलेत. ती गाडी काय करू शकते ते मला त्या वळणावर कळलं. सगळं कसं जागच्या जागी होतं. तो कडक बार, ती सीट, ते हलके हात, सगळं एकाच माणसासाठी होतं.

मग तिनं किती फेरे घेतले ते मी मोजले नाहीत. मी ओरडत होते, आनंदानं. ती आत अगदी शांत होती.

शेवटी ती कडेला आली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच. इंजिन थंड होताना टकटक आवाज येत होता.

"त्यांना गाडी चालवता येत नव्हती गं," ती म्हणाली. "या गाडीनं त्या प्रत्येक रविवारी त्यांचा जीव खाल्ला असेल. मला कळतंय ना आता, ही कशी आहे. दर वळणाला घाबरले असतील."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं चालवली कशाला?"

आई म्हणाली, "मी चालवत नव्हते ना."

मग ती रडली. हेल्मेटच्या आतच, काच खाली ठेवून, खांदे हलवत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांची इतकी आठवण आली की मला वाटलं, आता मीसुद्धा सुरू होणार. पण आईनं हातमोज्यानं काचेवरूनच डोळे पुसायचा प्रयत्न केला, ते जमेना म्हणून स्वतःवरच चिडली, आणि चावी फिरवली.

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथं होतो.

तुझी,
ठमी